‘वयाचंच आहे’ म्हणून सोडू नका
(उरण येथील महिला मेळाव्यातील भाषण)



१९९४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या वसतिगृहातल्या, तेव्हाच्या भाषेत ‘मतिमंद’, मुलींची गर्भाशयं काढली गेली. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. या मुलींच्या शरीराचा निर्णय कोणी घ्यायचा, असा आपला सवाल होता. त्या पिढीतल्या बाया आज पन्नाशीच्या आसपास आल्या आहेत. आता सवाल त्यांच्या उपचाराचा आहे.

माझी धाकटी बहीण ४७ वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय अडखळू लागले, हातातून कप सुटू लागला, कपडे ओले होऊ लागले. एका डॉक्टरांनी हात न लावताच सांगितलं, ‘ह्या माणसांचं असंच होतं.’ मोऱ्याहून लाँचने तिला मुंबईला नेलं. तपासणीत कळलं, मानेचे वरचे दोन मणके सैल होऊन मज्जारज्जूवर दाब येत होता. शस्त्रक्रिया झाली. आज ती बाजारात माझ्या पाटीशेजारी बसून गिऱ्हाइकाला पिशवी देते.

डाउन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र जादा असतं. त्यामुळे स्मृतिभ्रंश लवकर येण्याचा धोका खरोखरच मोठा असतो. पण प्रत्येक विसरणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइड मंदावणं, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, उतारवयात सुरू होणारी फिट, आई गेल्यानंतरचं नैराश्य, हे सगळं तसंच दिसतं. आणि या सगळ्यांवर उपचार आहेत. मानेवरचा दाब मात्र वेळेत हटवला नाही तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

निदान न झाल्याचा भार कोणावर पडतो? बहिणीवर, वहिनीवर, म्हाताऱ्या आईवर. म्हणून हा बायकांचा प्रश्न आहे.

तेव्हा एक करा. गेल्या गणपतीत ती काय काय करायची आणि आज काय येत नाही, हे तारखेसकट वहीत लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. मान, थायरॉइड, कान, डोळे तपासायला सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरोग्यसेवा हा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, त्याचा अर्ज भरा.

करंजा, मोरा, जासई, चिरनेर, प्रत्येक गावात अशी किती घरं आहेत? पुढच्या बैठकीला येताना शेजारच्या एका तरी घरी जाऊन या.