घराच्या माथ्यावर वीजघर



नाशिककरांना पांडवलेणी नवी नाहीत. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढून गेलेल्या माणसाचे लक्ष प्रथम शिल्पांकडे आणि शिलालेखांकडे जाते. बाहेर कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी येथे लेणे कोरविले, तेव्हा शिलालेखात लेण्याबरोबरच ‘पोढी’चा, म्हणजे या टाक्यांचाही आवर्जून उल्लेख केला. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी साठवून वर्षभर पुरविणे हे निवाऱ्याचेच एक काम मानले गेले होते.

जुन्या नाशकातील वाडाही याच विचाराने बांधलेला असे. जाड भिंती दुपारचे ऊन आत येऊ देत नसत, मधल्या चौकातून उजेड येई आणि तापलेली हवा वर निघून जाई. अनेक वाड्यांत स्वतःचा आड असे. १७५६ साली उभारलेल्या सुंदरनारायण मंदिरात २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात. सूर्य कोणत्या दिवशी कोठे उगवतो हे ध्यानी घेऊनच तेथे पाया आखला गेला. अर्थात वाड्यात सारेच आलबेल होते असे नव्हे. धुराने कोंदलेले स्वयंपाकघर आणि अंधाऱ्या खोल्याही तेथेच होत्या. त्या वाड्यात परत जावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु घराने आपल्या गरजेचा काही भाग स्वतः भागवावा, हे त्यामागील तत्त्व आजही घेण्याजोगे आहे.

आजच्या सदनिकेकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? पाणी बाहेरून येते, वीज बाहेरून येते, गॅस बाहेरून येतो आणि कचरा तेवढा बाहेर जातो. घर हे केवळ उपभोगाचे ठिकाण झाले आहे. ही वीज कोठून येते, हे सांगण्यासाठी नाशिककरांना फार दूर नेण्याची गरज नाही. एकलहरे येथील औष्णिक केंद्राच्या चिमण्या शहराच्या सीमेवरच उभ्या आहेत. प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र आहे. त्याला लागणारा कोळसा मात्र नाशिक जिल्ह्यात सापडत नाही. तो रेल्वेने दूरवरून आणावा लागतो. ऊन तेवढे आणावे लागत नाही. ते आपल्याच गच्चीवर पडून रोज वाया जाते.

आता थोडे गणित मांडू. एक किलोवॅटच्या सौर संचाला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. नाशिकसारख्या ठिकाणी तो वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट वीज देतो. पावसाळ्यात ती घटते, उन्हाळ्यात वाढते. तीन किलोवॅटचा संच महिन्याला ३५० युनिटांच्या आसपास वीज देऊ शकतो. वातानुकूलन यंत्र नसलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची गरज त्यात सहज भागते. अशी २ लाख १० हजार घरे उभी राहिली तर त्यांची कागदोपत्री क्षमता एकलहरे केंद्राइतकी, म्हणजे ६३० मेगावॅट होईल. परंतु येथे स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. सूर्य रात्री मावळतो आणि कोळशाचे केंद्र रात्रीही चालू शकते. त्यामुळे वर्षाकाठी मिळणारी एकूण वीज समान होणार नाही. दिवसाची कोळशाची मोठी बचत होईल. रात्रीसाठी साठवणुकीची व्यवस्था करावीच लागेल.

गुजरातेतील मोढेरा येथे ही व्यवस्था झाली आहे. अकराव्या शतकातील सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव २०२२ साली चोवीस तास सौरविजेवर चालणारे गाव म्हणून घोषित झाले. तेथे हजाराहून अधिक घरांच्या छपरांवर संच बसविले, गावाबाहेर मोठा प्रकल्प उभारला आणि रात्रीसाठी बॅटऱ्यांची साठवण केली. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याची मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे रोल्फ डिश या वास्तुविशारदाने १९९४ साली सूर्याबरोबर फिरणारे घर बांधले आणि पुढे वापरापेक्षा अधिक वीज निर्माण करणाऱ्या घरांची वसाहतच उभी केली. जर्मनीला नाशिकपेक्षा पुष्कळ कमी ऊन मिळते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग नाशकात अडते कोठे? बंगल्याच्या मालकाला निर्णय एकट्याने घेता येतो. परंतु शहरातील असंख्य कुटुंबे सदनिकांत राहतात आणि गच्ची सर्वांची असते. उदाहरणार्थ, २० सदनिकांची इमारत घ्या. गच्ची ३००० चौरस फुटांची असली, तरी पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि सावली वगळता निम्मीच हाती लागेल. १५०० चौरस फुटांत १५ किलोवॅट, म्हणजे महिन्याला सुमारे १८०० युनिट. वीस घरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ९० युनिट येतात. सर्वांची संपूर्ण गरज यातून भागणार नाही. पण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांचे बिल त्यातून निघू शकते. प्रारंभ येथूनच व्हावा.

यापुढे जायचे असेल तर इमारतीची आखणीच बदलावी लागेल. भविष्यातील वास्तूत सौर तावदान हे नंतर चढविलेले ओझे असणार नाही. तेच खिडकीवरचा छज्जा होईल, दक्षिणेकडील भिंतीचे आवरण होईल, वाहनतळाचे छप्पर होईल. आधी गरज कमी करायची आणि मग वीज निर्माण करायची, हा क्रम महत्त्वाचा आहे. पश्चिमेला मोठ्या काचा लावून दिवाणखाना तापवायचा आणि तो थंड करण्यासाठी गच्चीवर संच बसवायचा, याला शहाणपण म्हणता येत नाही. स्वयंपाकघरातील ओला कचरासुद्धा इंधन आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलेल्या घरगुती बायोगॅस संयंत्राला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला, तो याच विचाराचा गौरव होता.

शासनाने आपला वाटा उचलला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे लक्ष्य १ कोटी घरांचे आहे. त्यात तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये साहाय्य आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये ठरविण्यात आले. या साहाय्यासाठी तावदाने आणि त्यांतील सौरघट दोन्ही देशी बनावटीचे असावे लागतात, ही अट योग्यच आहे. २०२५ साली देशाची तावदाननिर्मितीची क्षमता १०० गिगावॅटवर पोहोचली. सौरघटाच्या मुळाशी असलेल्या सिलिकॉनच्या चकत्या मात्र अजून मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात. स्वावलंबनाची ती पायरी अद्याप चढायची आहे.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. बॅटरी नसलेला, महावितरणच्या जाळ्याला जोडलेला संच वीजपुरवठा खंडित झाला की आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ते आवश्यक असते. हे आधी न कळल्याने अनेकांचा पुढे विरस होतो. दुसरी गोष्ट देखभालीची. धूळ साचली की वीज घटते. संच पंचवीस वर्षे टिकतो, पण उत्साह पहिल्या वर्षानंतर टिकत नाही.

येथे पुन्हा उषवदाताकडे वळावे लागते. त्याने केवळ लेणे कोरविले नाही. तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने कायम ठेव म्हणून ठेविले आणि तो व्यवहार दगडावर कोरून ठेविला. वास्तू उभारणारा तिच्या पुढील निर्वाहाची तरतूदही करतो, हा धडा त्याच डोंगरावर लिहिलेला आहे.

आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या पुढील सर्वसाधारण सभेत एक विषय मांडला जावा. गच्चीवर सकाळी दहा ते दुपारी तीन सावली कोठे पडते, हे एखाद्या रविवारी मुलांकडून खडूने आखून घ्यावे. गेल्या बारा महिन्यांची सामायिक वीजबिले काढावीत. संचाच्या खर्चाबरोबर देखभालीच्या निधीचाही ठराव करावा. राष्ट्राच्या ऊर्जा-स्वावलंबनातील नाशिकचा वाटा खडूच्या त्या रेघेपासून सुरू होईल.