मानेतली नळी : घाबरू नका, पण ओढूही नका

 

आज बोलू या मानेतल्या नळीबद्दल. डायलिसिस तातडीनं करायचं असेल किंवा पेशंट अतिदक्षता विभागात असेल, तर डॉक्टर मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात. ही शीर म्हणजे नीला. तिच्यातलं रक्त शेतातल्या पाटासारखं संथ वाहतं. तिच्या शेजारीच धमनी असते. तिच्यातलं रक्त पंपाच्या पाइपासारखं जोरात धावतं. कधीतरी नीला फाटते, नाहीतर नळी चुकून धमनीत जाते. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं. छातीच्या आत रक्तस्राव झाला, तर तो बाहेरून दिसत नाही आणि हातानं दाबताही येत नाही.

अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "मोठ्या हॉस्पिटलला न्या." घरचे घाबरतात. आता छाती फाडणार, त्यापेक्षा घरीच नेऊ, असं म्हणतात. बायांनो, इथंच थांबा. दर वेळी छाती उघडावी लागत नाही.

१९५३ साली स्वीडनच्या डॉ. सेल्डिंगर यांनी एक पद्धत सांगितली. आधी सुई, सुईतून तार, मग तारेवरून नळी. आज याच पद्धतीनं दुरुस्तीही होते. जांघेतून बारीक तार आत नेतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत जखमेपर्यंत पोचतात. तिथं फुगा फुगवून रक्त थोपवतात. मग अस्तर लावलेली जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, आतून बसवतात. गळक्या पाइपात आतून दुसरा पाइप सरकवावा, तसं भोक बंद होतं. जांघेत छोटीशीच जखम राहते. प्रत्येकाला हे जमेलच असं नाही, काहींना उघडं ऑपरेशन लागतं. ते डॉक्टर ठरवतील. पण त्यासाठी कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलला वेळेत पोचायला हवं.

तोवर चुकीच्या जागी गेलेली नळी कुणी ओढायची नाही. तीच भोकाला बुचासारखी बसलेली असते. ती काढायची तयारी डॉक्टरच करतील.

पेशंटजवळ बहुतेक वेळा आपणच बसतो. म्हणून विचारायला लाजू नका. नळी सोनोग्राफीत बघून घालणार का? नंतर छातीचा एक्स-रे काढणार का? नळी घातल्यावर दम लागला, छातीत दुखलं, मान सुजली, घाम फुटून पेशंट गळाला, तर लगेच सिस्टरला हाक मारा. काही दिवसांनी हात किंवा चेहरा सुजला, तरी दाखवा. शीर आतून अरुंद झाली असेल, तर तीही बऱ्याचदा फुग्यानं मोकळी करता येते.

घरी नळी निसटलीच, तर परत आत ढकलू नका. पेशंटला आडवं करा, स्वच्छ कापडानं ती जागा घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन लावा.

रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत तयार ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. ज्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे, त्या बाईला शेजारी बसवून सांगा.

काळजी घ्या. नमस्कार.