धन्याची चिंता

संध्याकाळी कारखान्याला कुलूप लागते. हिशेबाची वही मात्र धन्याच्या उशाशी येते. धार जिल्ह्यातील पीथमपूर काय किंवा देवास काय, लहान कारखानदारांस हा अनुभव नवा नाही.

देवासलाच याचा एक जुना दाखला आहे. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून 1921 साली इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर काही महिने राहिले. लेखनवाचन हे त्यांचे सामर्थ्य. वाट्यास आल्या त्या बागा, मोटारी, अतिथिगृह आणि वीजघर! महाराज बुद्धिमान, प्रेमळ, देवभक्त. परंतु नवा राजवाडा पुरा होण्यापूर्वीच मोडकळीस येऊ लागला, कर्ज वाढत गेले. 1933 मध्ये ते पाँडिचेरीस गेले, ते परतले नाहीत. 1937 मध्ये तेथेच निवर्तले. घरची दुःखेही होतीच; सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

तथापि कर्जाचा आकडा रात्री एकट्याने घोकण्यापेक्षा सकाळी मुनीमापुढे मांडावा. ज्याला जे येते तेच काम त्याच्याकडे सोपवावे, आणि सोपविल्यावर घटकेघटकेला डोकावू नये. आठवड्यातून एक दिवस फाटकाची किल्लीही दुसऱ्याच्या हाती द्यावी. पहिल्या रात्री झोप लागणार नाही, हे खरे.