नाव सोनुबाई



भाडेकरू घर सोडून जातो, दारावरची पाटी तशीच राहते आणि पोस्टमन त्याच दारात पत्रं टाकत राहतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्येही अशी एक पाटी बरीच वर्षं होती.

कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. एखादा प्रोग्रॅम त्याला सांगतो, ‘मेमरीतल्या या पत्त्यावर माहिती लिही.’ तो पत्ता कर्नेलच्याच हद्दीतला निघाला तर अनर्थ. म्हणून आधी एका फंक्शनला विचारायचं. त्याचं नाव ‘ॲक्सेस ओके’. नावावरून वाटतं, सगळी तपासणी झाली, आता बिनधास्त लिहा. ते बघतं एवढंच, की पत्ता प्रोग्रॅमच्या हद्दीत आहे ना. तिथे खरोखर मेमरी आहे का, लिहायची मुभा आहे का, हे लिहायला गेल्यावरच कळतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

त्यात, वाचायचंय की लिहायचंय, हेही त्याला सांगावं लागे. त्याला कारण होतं. १९८५ सालचा ८०३८६ प्रोसेसर, लिहिणारा कर्नेल असला की ‘इथे लिहू नये’ ही खूण जुमानतच नसे. त्यामुळे ती तपासणी कर्नेललाच करावी लागे. डिसेंबर २०१२मध्ये कर्नेलने त्या प्रोसेसरची साथ सोडली. तरी ‘वाचन की लेखन’ हा रकाना पुढची सहा वर्षं सगळे इमानेइतबारे भरत होते. बघत कोणीच नव्हतं! जानेवारी २०१९मध्ये लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो काढून टाकला.

कोडमधल्या काही चुका कंपायलर तरी पकडतो. कमेंटला, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपेला, तपासनीसच नाही. ‘इथे येण्यापूर्वी लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतलेलं असतं’ असं कोणी लिहून ठेवतं. पुढे कोड बदलतो, ओळ तशीच राहते. रिव्ह्यू करणारा जाणकार मग सुचवतो, ‘कमेंट नको, लॉकडेपचं असर्ट घाला.’ लॉकडेप म्हणजे कर्नेलमधली लॉक तपासणारी यंत्रणा, असर्ट म्हणजे तिला घातलेली अट. म्हणणं तेच. पण आता लॉक नसेल, तर चाचणीच्या कर्नेलमध्ये लगेच इशारा उमटतो.

सगळंच यंत्राकडून तपासून घेता येत नाही. ‘ॲक्सेस ओके’ हे नाव आजही कायम आहे. मात्र त्याच्या माथ्यावरच्या टिपेत स्पष्ट बजावलं होतं, की होकार मिळाल्यावरही पुढे मेमरी हाताळताना चूक येऊ शकते. पाटी उतरवता येत नसेल, तर निदान खाली खडूने लिहावं, ‘ते इथे राहत नाहीत.’