नगरपालिकेचा कागद आणि आपले वाचन



साहित्याच्या अध्यापकाने नगरपालिकेविषयी काय बोलावे, असे आपल्याला वाटले असेल. गोव्यातल्या महाविद्यालयात मराठी शिकवताना मी मुख्यतः एकच काम करतो : मजकूर नीट वाचायला शिकवतो. मतदानाचा दिवस सोडला, तर नागरिकाचेही पुष्कळसे काम हेच असते.

आपल्याकडच्या खेड्यात ग्रामसभा भरते. वर्षातून अनेकदा, बहुधा रविवारी. गावातला कोणीही मतदार उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा पेटला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. तेव्हापासून ग्रामसभांना वेगळीच धार आली. पण पंचायतीची हद्द ओलांडून म्हापशात किंवा फोंड्यात या. इथे अशी सभा नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, पण कलम २४३-एस प्रमाणे त्या बंधनकारक आहेत तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकांनाच. २०११च्या जनगणनेत साऱ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. आपली एकही नगरपालिका त्या आकड्याच्या जवळ जात नाही. म्हणजे गाव वाढून शहर झाले, की रस्ता रुंद होतो आणि माणसाची बोलण्याची जागा मात्र जाते.

मग शहरातल्या माणसाच्या हाती काय उरते? कागद. अधिसूचना, ठराव, अंदाजपत्रक, निविदा, हरकती मागवणारी सूचना. तो वाचणारा असेल तर काय होते, हे २०२१ साली आपण पाहिले. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणाची अधिसूचना निघाली. ती न्यायालयात गेली. स्त्रियांसाठी ‘एक-तृतीयांशापेक्षा कमी नाही’ इतक्या जागा हव्यात, असे घटना सांगते. वीस प्रभाग असतील तर सहा जागा भरत नाहीत, सात लागतात. गणित शाळेतले आहे. पण कोणीतरी अधिसूचना हातात घेऊन ते करावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते आरक्षण रद्द ठरवले. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालय त्याही पुढे गेले : सरकारी पदावरच्या व्यक्तीकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा भार देता येणार नाही, असे त्याने साऱ्या देशासाठी सांगितले. ‘कमी नाही’ या दोन शब्दांकडे कोणी लक्ष दिले नसते, तर हे घडले नसते.

आता भाषेकडे येतो. आपल्या नगरपालिकांचा बहुतेक व्यवहार इंग्रजीत चालतो. बाजारात सोपो भरणाऱ्या भाजीवालीला पावती मिळते, पण तो दर कोणत्या ठरावाने वाढला हे तिच्या भाषेत तिला कोणी सांगत नाही. १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणीला राजभाषेचे स्थान देताना शासकीय प्रयोजनांसाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ म्हणते की माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार झाला पाहिजे. मराठी की कोकणी, या वादात आपण पुष्कळ शाई खर्च केली. त्या काळात नगरपालिकेची फाइल दोन्ही भाषांना टाळून पुढे सरकत राहिली. भाजीवालीला दर कोकणीत कळला तरी माझी काही तक्रार नाही; तो कळावा, एवढेच म्हणणे आहे.

आपले पूर्वज या बाबतीत अडाणी नव्हते. गावकरीच्या बैठकीत बांध, शेते, देवस्थानाचा खर्च यांचे निर्णय होत. त्या रूढी १५२६ सालच्या फोरालात नोंदल्या गेल्या. त्या बैठकीत स्त्रियांना आणि गावकार नसलेल्यांना जागा नव्हती, हेही विसरू नये. आज कायद्याने दार सगळ्यांना उघडे आहे, पण उंबरठा भाषेचा आहे.

म्हणून आपल्यापुढे तीन सूचना ठेवतो. उपयोजित मराठीच्या तासाला काल्पनिक अर्जांऐवजी आपल्याच नगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचायला द्यावे. विद्यार्थ्याने आपल्या प्रभागाची रक्कम शोधून तिच्यावर एक पान मराठीत लिहावे. अकादमीने नगरपालिकेच्या कामकाजातील शब्दांची छोटी पुस्तिका काढावी. त्यात ‘सोपो’ सोपोच राहावा, त्याला संस्कृत वेष चढवू नये. आणि लेखकांनी, ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे, हरकतींची मुदत संपण्यापूर्वी निदान एक हरकत मराठीत लिहून द्यावी आणि पोच घ्यावी.

यातून उद्या नाले साफ होतील, असे मी म्हणत नाही. पण ज्या भाषेत घरपट्टीबद्दल भांडता येत नाही, तिच्यात कविता लिहिणारेही हळूहळू कमी होत जातात. भाषा टिकवण्याचे काम पालिकेच्या सूचनाफलकापाशीही करता येते. तिथे जाऊन वाचू या.