मण्यारीचा दंश आणि जागा मेंदू

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रदेशांत, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, भुईवर निजलेल्या माणसास रात्रीं मण्यार डसते. वेदना बहुधा नाममात्रच. पुढें मात्र पापण्या मिटतात, वाचा जाते, श्वास मंदावतो. घरचीं माणसें समजतात, शुद्ध हरपली.

वस्तुतः जागृतीचें ठाणें मेंदूच्या देठांत असतें. तेथील तंतुजाल चेतविल्यास मांजराच्या मेंदूंतील निद्रेच्या लहरी जागृतीच्या होतात, हें मोरुत्झी व मॅगून यांनीं १९४९ सालीं दाखविलें. वेदनेस आवर घालणारा करडा भागहि त्याच देठांत आहे. मण्यारीचें विष सहसा तेथवर पोंचत नाहीं. तें नस आणि स्नायू यांमधील निरोप तोडतें. म्हणून निश्चल पडलेला रोगी ऐकत असतो. सुईची कळहि त्यास जाणवूं शकते, सांगतां मात्र येत नाहीं.

श्वास थांबल्यास हा जागा दिवा कांहीं मिनिटांत विझतो. यास्तव मांत्रिकापाशीं वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. श्वास थांबलाच, तर वाटेंत तोंडानें श्वास द्यावा. प्रतिविष आणि यंत्राचा श्वास वेळेवर मिळाल्यास तो उठून बसण्याची पुष्कळ आशा असते. तोंवर त्याच्या उशाशीं आक्रोश न करतां धीराचे शब्द बोलावे. ते त्याच्या कानीं पडत असतात.