गोदाकाठ : आधी घाट की आधी पाणी?



गोदावरीला पूर किती आला, हे नाशिककर फुटात सांगत नाहीत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याशी आले, एवढे कळले की गाव काय ते समजते. १९ सप्टेंबर २००८ रोजी मात्र मारुतीच पाण्याखाली गेला आणि पूर बाजारपेठेत शिरला. त्यानंतर पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा नकाशावर उमटल्या. काठावरच्या बांधकामांना त्या मानवतील तेव्हा खरे!

काठ सजविण्याची हौस त्याआधीची. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत भाविकांच्या सोयीसाठी पात्रात काँक्रीट ओतले गेले आणि प्राचीन कुंडे व त्यांतील जिवंत झरे त्याखाली दडपले गेले. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या तीर्थात स्नान करावयाचे, त्याचाच झरा बुजवून स्नानाची सोय करावी, हा हिशेब अजबच. गोदाप्रेमी नागरिकांनी पाठपुरावा केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि पुढे स्मार्ट सिटीच्या कामात काही कुंडे मोकळीही झाली.

नदीकाठ म्हटले की साबरमतीचे उदाहरण हमखास पुढे येते. अहमदाबादने ते काम नेटाने केले, यात शंका नाही. मात्र तेथे पात्र भरलेले दिसते ते नर्मदेच्या कालव्याच्या पाण्याने. नाशिकची उन्हाळ्यातील गोदावरी गंगापूर धरणातून सुटणाऱ्या आवर्तनाकडे डोळे लावून असते.

खरी परीक्षा रामकुंडावर नाही, टाकळीच्या संगमावर आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक परिसरातून येणारी नासर्डी तेथे गोदावरीला मिळते. तिचे जुने नाव नंदिनी. याच संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. पाण्यात उभे राहून ते जप करीत, अशी परंपरा आहे. आज त्या पाण्यात कोण पाऊल घालील? दोष एकट्या कारखान्यांचा नाही. सुशिक्षित वसाहतींच्या मोऱ्याही त्याच नाल्यांना मिळतात.

म्हणून २०२७ च्या सिंहस्थासाठी काठावर दगड आणि दिवे बसविण्याआधी नासर्डी व वाघाडीला मिळणारे नाले अडवून ते पाणी शुद्धीकरण केंद्रांकडे वळविले पाहिजे. निळ्या रेषेच्या आत झाडे आणि गवत राहू द्यावे. त्यातून पैसा उरला, तर घाट खुशाल बांधावेत.